दहातली सहा

○

"पत्रिका काय आत्ताच छापत न्हाई, पर तुमास्नी तोंडी आवतन," असं म्हणत छबूताई गडदेंनी डाळिंबांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. "बेस्तरवारी सुपारी फोडायची. धनूची."

"धनू म्हणजे धनश्री? ती अकरावीत आहे ना?"

"व्हय की."

"मग?"

"मग काय? अकरावीतल्या पोरीस्नी नवरं मिळत न्हाईत व्हय?"

त्या हसल्या. महिन्यापूर्वी याच खुर्चीत बसलेली बाई ही नव्हेच असं वाटावं, इतकं मोकळं.

तालुक्याच्या रुग्णालयातली ती इंजेक्शनची खोली. खिडकीशी लोंढे सिस्टर कापसाचे बोळे वळत बसल्या होत्या. मूळ मिरजेच्या, निवृत्तीला आलेल्या, आणि कुणाच्याही बापाला न घाबरणाऱ्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "छबू, पोरीचं वय किती?"

"सोळा सरलं."

"बाहेर भिंतीवर काय लिहिलंय ते वाचलंस का कधी?"

"लगीन कुठं करतोय सिस्टर. नुसती सुपारी."

"सुपारी इथं फोडायची आणि अक्षता पलीकडं कर्नाटकात जाऊन टाकायच्या. मला शिकवू नको."

छबूताईंनी पदरानं मान पुसली आणि माझ्याकडे वळल्या. "ताई, त्ये मणी काढा. इचारा काय इचारायचं त्ये. मला डाळिंबाच्या शेडवर जायाचंय. गाडी भरायचीय आज."

मी पिशवीतून मण्यांची पाटी काढली.

□

आरोग्याचे निर्णय आकड्यांत मांडायच्या आमच्या धंद्यात कागदावर झाडं काढतात. आडवी झाडं, डावीकडे बुंधा, उजवीकडे फांद्या. जिथे माणसानं ठरवायचं असतं तिथे चौकोन काढायचा. जिथे माणसाच्या हातात काही नसतं तिथे गोल. आणि जिथे फांदी संपते तिथे त्रिकोण. इतकंच. ही गोष्ट सरळ सांगायचा मी दोन-तीनदा प्रयत्न केला, जमला नाही. म्हणून ती अशीच सांगते, खुणा करत.

त्या वर्षी आमच्यापुढचा चौकोन मोठा होता. देशातल्या सगळ्या बायकांची गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी करायची, तर ती कितव्या वर्षापासून? तिसाव्या की चाळिसाव्या? दिल्लीत एक समिती बसली होती. त्या समितीला आकडे द्यायचं काम पुण्यात आमच्याकडे होतं. आम्ही संगणकात एक कोटी खोट्या बायका तयार केल्या होत्या. दर वर्षी त्या एका खणातून दुसऱ्या खणात जायच्या. निरोगी. डाग सापडलेली. आजारी. बरी झालेली. गेलेली. प्रत्येक खणाला एक वजन: पूर्ण बरं असण्याला शून्य, मरणाला एक, बाकीचे मधे कुठेतरी.

एका खणाचं वजन कुणाकडेच नव्हतं. डाग आहे म्हणून सांगितलं गेलंय, तुकडा काढून तपासायला पाठवलाय, रिपोर्ट यायचाय, अशा बाईचं. नुसतं वाट बघण्याचं वजन.

ते का हवं होतं? तिसाव्या वर्षापासून तपासणी केली तर आजार लवकर सापडतो, पण डाग दिसलेल्या शंभरातल्या नव्वदांहून अधिक बायकांना शेवटी काहीच नसतं. त्या सगळ्या उगीच वाट बघतात. ही वाट हलकी असेल तर तीस. जड असेल तर वय वर सरकवायचं. परदेशातले आकडे होते, पण परदेशातली बाई आणि डाळिंबाच्या शेडवरची बाई एकाच वजनानं वाट बघतात हे कुणी सांगितलं? म्हणून मी गावोगावी विचारत फिरत होते.

विचारायची पद्धत जुनी आणि जगभरातली एकच. समजा तुमच्यापुढे दहा वर्षं आहेत. ती सगळी अशीच जाणार, ही धाकधूक मनात घेऊन. किंवा थोडी कमी वर्षं घ्या, पण धाकधूक नाही. किती वर्षं सोडाल?

साहेब लोकांच्या झाडात हा प्रश्न शोभतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईला कागदावरची पट्टी दाखवून तो कळत नव्हता. मग मी मिरजेच्या एका दुकानातून मुलांची पाटी घेतली, वर तारांत ओवलेले रंगीत मणी असतात ती. एका ओळीत दहा मणी. सोडायची तेवढी वर्षं उजवीकडे सरकवा.

बहुतेक बायका एकही सरकवायच्या नाहीत. देवानं दिलंय ते सोडायचं कसं, म्हणायच्या. मी शून्य लिहायचे. संध्याकाळी एस.टी. स्टँडशेजारच्या लॉजवर त्या शून्यांची बेरीज करताना माझे डोळे दुखायचे. ते एक वर्ष मी फक्त थकलेली होते, दुसरं काही असल्याचं आठवत नाही.

○

छबूताईंनी महिन्यापूर्वी सहा मणी सरकवले होते.

ते नीट आठवतं मला, कारण त्यांनी आधी प्रश्न विचारला होता. "सोडायची म्हंजे? कुणाला द्यायची?"

"कुणालाच नाही. फक्त सोडायची."

"अशी वाऱ्यावर?"

"हो."

"आन मग डाग जातुया?"

माझा त्या दिवशी सकाळपासून तेच विचारून घसा बसला होता. प्रश्नाच्या चौकटीत राहून जे उत्तर द्यायचं असतं ते मी दिलं. "समजा, हो."

त्या बराच वेळ मण्यांकडे बघत राहिल्या. मग एकेक करत सहा मणी त्यांनी पलीकडे नेले. सहाव्यावर बोट तसंच ठेवून म्हणाल्या, "इतकी बास हुतील का?"

मी सहा लिहिलं आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.

○

आता दुसरी फेरी होती. त्याच बायकांना रिपोर्ट आल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारायचा, म्हणजे पहिलं उत्तर पक्कं होतं की उगाच दिलेलं ते कळतं. छबूताईंचा रिपोर्ट स्वच्छ आला होता. मी सगळे मणी डावीकडे आणले आणि सुरुवात केली.

"समजा, तुमच्यापुढे दहा वर्षं आहेत..."

"दहा कशी? चार."

"चार?"

"सहा दिली न्हवं मागल्या टायमाला."

लोंढे सिस्टरांचे हात कापसात थांबले.

"छबूताई," मी म्हटलं, "ते नुसतं विचारण्यापुरतं होतं. खरंच काही द्यायचं नव्हतं."

"आन रिपोर्ट? त्यो नुसता सांगण्यापुरता आलाय का?"

"रिपोर्ट तसाही चांगलाच आला असता."

"आला आसता, न आला आसता. आला न्हवं? झालं मग." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. सौदा पटलेल्या माणसाचा आवाज होता तो. "माझं काय म्हणणं न्हाई ताई. सहा गेली तर गेली. चार हायेत त्यात बसवते म्या सगळं. आवंदा धनूचं लगीन. फुडल्या साली पयलं बाळंतपण. जमलं तर दुसरं बी बघून जाते. मग माझा थोरला ल्योक बापाच्या हाताखाली ट्याम्पोवर..."

"त्यासाठी तिचं लग्न करताय? तेवढ्यासाठी?"

"तेवढ्यासाठी म्हंजे?" आता मात्र त्या माझ्याकडे सरळ बघू लागल्या. "माझी आय मी सातवीत आसताना गेली. धनूच्या टायमाला सासूच्या पडवीत पडले हुते म्या. तीन दिवस. पाणी द्यायला कुणी न्हाई. शेजारची म्हातारी आली म्हणून वाचले. पोरीला आसं टाकून जाऊ व्हय?"

बाहेर रांगेत एक मूल रडत होतं, त्याची आई त्याला सुईची भीती घालून गप्प करत होती.

□

इथे चौकोन काढावा लागतो, कारण इथे मला ठरवायचं होतं. बेस्तरवार परवावर आला होता.

पहिली फांदी: समजावून सांगणं. ती मी धरली.

"हे बघा. शंभर बायकांना डाग दिसतो. त्यातल्या नव्वदांहून जास्त बायकांना काहीही नसतं. तुम्ही त्यातल्या एक. मणी सरकवा, नका सरकवू, काही फरक पडत नाही."

"आन बाकीच्या?"

"कुठल्या बाकीच्या?"

"नव्वद सोडून. ज्यास्नी निघतंय. त्यांनी किती दिली हुती?"

मी नोंदवहीची पानं चाळू लागले.

"मी सांगते," छबूताई म्हणाल्या. "खालच्या आळीची पारूबाई माझ्या फुडं बसली हुती त्या दिवशी. भाईर आल्यावर मला बोलली, आपुन न्हाई बया एक बी मणी हलवला, देवाच्या मनात आसंल त्ये. तिला सोलापूरला न्हेलीय. पोटातली पिशवी काढायची म्हंत्यात." त्या पुढे झुकल्या. "खरं का न्हाई?"

खरं होतं. पारूबाईंच्या नावापुढे मीच शून्य लिहिलं होतं.

दोन बायका. एकीनं दिली, ती सुटली. एकीनं दिली नाहीत, ती अडकली. माझ्याकडे एक कोटी बायका होत्या, पण त्या सगळ्या संगणकात होत्या, आणि त्यातली एकही खालच्या आळीत राहत नव्हती.

"तो योगायोग आहे," मी म्हटलं. ते बोलताना मलाच ते पोकळ वाटलं.

"खोटं इचारायला पुण्यावरनं आलासा व्हय मग?" छबूताई म्हणाल्या. रागानं नाही. खरंच कळत नसल्यासारखं.

"अगं, सरकारी माणसं," लोंढे सिस्टर म्हणाल्या. "जवळच्या गावात खोटं विचारलं तर भत्ता मिळत नाही."

दुसरी फांदी सिस्टरांची. "मी चाइल्डलाइनला फोन लावते. बेस्तरवारी दोन पोलीस उभे करते मांडवात."

"लावा की. आमी अमावास्या सरली की जतला पावण्यांच्यात करतो."

"बघितलंत?" सिस्टर मला म्हणाल्या.

तिसरी फांदी मीच पुढे केली. "बरं. तुम्ही दिलीत ना? मग मी परत देते. घ्या तुमची सहा." आणि मी पाटी त्यांच्याकडे सरकवली.

छबूताईंनी हात आखडते घेतले, पाटी तापलेली असावी तसे.

"परत घेतली की डाग परत येतोय. येवढं बी कळंना व्हय तुमास्नी?"

○

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून हर्डीकर सर. आमच्या गटाचे प्रमुख. हुशार, घाईतले, वाईट नव्हेत.

"पत्की, आजचे आकडे संध्याकाळपर्यंत पाठवा. उद्या समितीला द्यायचेत. आणि त्या सहावाल्या बाईचं काय झालं?"

"समोर बसल्यात."

"एकट्या त्यांच्यामुळे सरासरी कुठल्या कुठे जाते हो. दुसऱ्यांदा किती म्हणाल्या?"

"अजून म्हणाल्या नाहीत."

"प्रश्न समजला नसेल त्यांना. तसं असेल तर तशी नोंद करा, आपण ती ओळ काढून टाकू."

"समजलाय, सर. जरा जास्तच समजलाय."

"म्हणजे?"

"पाठवते संध्याकाळी," असं म्हणून मी फोन ठेवला.

छबूताई उठायच्या बेतात होत्या. डाळिंबाच्या शेडवर त्यांचं काम म्हणजे निवड करण्याचं. तेल्या रोगाचा डाग असलेली फळं एका बाजूला, बिनडागी पेटीत. मला एकदम वाटलं, त्या उठून गेल्या की गुरुवारी सुपारी फुटणार, आणि मग कुठल्यातरी पडवीत... नाही. हे मला तेव्हा वाटलं नव्हतं. तेव्हा मला फक्त वाटलं की ही बाई आता जाणार आणि माझ्याकडे एकही फांदी उरलेली नाही.

"थांबा," मी म्हटलं. "डाग परत यायला नको. म्हणजे तुमची सहा तिकडेच राहू देत. बरोबर?"

"व्हय."

"मग माझी घ्या."

□

हे बोलून गेले आणि पाटी समोर ओढली. पाटीवर मण्यांच्या अनेक ओळी असतात. वरची ओळ छबूताईंची. मी खालच्या, दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

मी कधी नवस केलेला नाही. चतुर्थीला जेवते. लिंबू-मिरचीवर पाय देऊन पुढे जाते. आयुष्य ही चीज मी वीस वर्षं दशांशात लिहीत आले होते. आणि तरी त्या मण्यावरचं बोट हलेना. शेकडो बायकांना मी हे करायला लावलं होतं, पुढची आत बोलवण्याआधी पाण्याचा घोटही न घेता. मला वाटलं होतं त्या शून्य म्हणतात कारण त्यांना प्रश्न कळत नाही.

मला माझी आई आठवली. तेव्हा ती चौऱ्याहत्तरची होती, पुण्यात माझ्याबरोबर राहायची. मग मी किती वर्षांची होईपर्यंत ती, असा एक हिशोब आपोआप सुरू झाला. मी तो दाबला.

मग एक मणी सरकवला. मग दुसरा.

"अगं बया!" छबूताईंनी माझा हात धरला. "आसं काय बी करू नगा. पोरंबाळं हायेत का तुमास्नी?"

"नाहीत. आई आहे."

"मग तर नगोच नगो. आयच्या आधी..." त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

"घे गं छबू," लोंढे सिस्टर म्हणाल्या. त्या आता टेबलाजवळ येऊन उभ्या होत्या, हातात अर्धवट वळलेला बोळा. "शिकलेल्या बाया. तूप नाही, तेल नाही, पहाटे उठून पळायला जातात. शंभरीच्या आत काही मरत नाहीत त्या. थोडी गेली तर कळणारही नाही तिला."

मी पहाटे उठून पळत नव्हते.

"किती दिताय?" छबूताईंनी विचारलं. हळूच, भाव विचारावा तसं.

"सहा."

"सहा नगो. लई होत्यात. मला पचायची न्हाईत." त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "सिस्टर, बारावीला अजून किती?"

"ही अकरावी आणि पुढची. पुढं तिला इथंच नर्सिंगला घाल, दोन वर्षं. माझ्या ओळखीच्या बाई आहेत."

"म्हंजे तवा चार हुत्यात." बोटं पुढे सरकली. "मग लगीन. मग एक बाळंतपण. माझी चार हायेत." त्या थांबल्या. "तीन द्या ताई. तीनात बसतंय."

"सहा घ्या ना. दुसरं बाळंतपण?"

"दुसरं तिचं ती बघंल. नर्स झाल्यावर तिला माझी काय गरज?"

लोंढे सिस्टर हसल्या. मग मीही.

मी तिसरा मणी उजवीकडे नेला. छबूताईंनी पिशवीतून एक डाळिंब काढलं, दोन्ही हातांत धरून फिरवून पाहिलं, डाग आहे का ते. मग माझ्या ओढणीचं टोक पसरून त्यात ठेवलं. "कोरडं घ्यायचं नसतंय," म्हणाल्या. "आन आयला सांगू नगा हे. जिवाला लावून घेत्यात म्हातारी मानसं."

"मालकांना काय सांगाल?" मी विचारलं. "सुपारीचं?"

"सांग, सिस्टर पोलीस घेऊन येणार होत्या," लोंढे म्हणाल्या. "माझ्या नावावर घाल. माझ्या नावावर या तालुक्यात पुष्कळ आहे."

○

आणि मग मला माझं काम करायचं होतं. ते केलंच नसतं तर सगळा दिवस खोटा झाला असता. मी पुन्हा वरच्या ओळीकडे बोट केलं.

"आता विचारते. समजा तुमच्यापुढे दहा..."

"सात," त्या म्हणाल्या.

"समजा. किती सोडाल?"

"आता?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला वेड लागलंय. "एक बी न्हाई. दुसऱ्याची हायेत त्यात."

मी शून्य लिहिलं.

संध्याकाळी लॉजवरून आकडे पाठवले. आधी सहा, नंतर शून्य. सरांचा निरोप आला: अपेक्षेप्रमाणे, ओळ काढली. छबूताईंच्या ओळीशिवाय वाट बघण्याचं वजन हलकं झालं. संगणकातल्या कोटी बायका पुन्हा एकदा निरोगीतून डागात, डागातून निरोगीत जाऊन आल्या, आणि झाडानं तीस म्हटलं. समितीनंही तीस म्हटलं. त्यावर पुढे किती वर्षं काय काय चर्चा झाल्या ते सांगत बसत नाही. मी त्यातल्या बऱ्याच चर्चांना होते आणि मला त्यातलं फारसं आठवत नाही.

डाळिंब मी आईला दिलं. कुणी दिलं, तिनं विचारलं. एका बाईनं, मी म्हटलं. गोड आहे, ती म्हणाली.

□

एक चौकोन राहिला. तो लहान आहे.

काही वर्षांनी गुडघा दाखवायला गेले होते. बदलायचा की नाही ते मला ठरवायचं होतं. डॉक्टर म्हणाले, नवीन गुडघा पंधरा वर्षं टिकतो. मी मनात म्हटलं, बारा टिकला तरी पुरे.

आणि मग खुर्चीतच दचकले.

आई तोवर गेली होती. तिला मी सांगितलं नव्हतं.

△

छबूताई दर संक्रांतीला फोन करत. तिळगूळ वगैरे बोलून झालं की आवाज उतरवून विचारत, "तब्येत?" मी म्हणायचे, बरी आहे. "खरं सांगा," त्या म्हणायच्या. त्यांच्या बोलण्यातूनच मला कळत गेलं: धनू बारावी झाली, धनू नर्सिंगला गेली, धनू मिरजेला लागली. लोंढे सिस्टर निवृत्त झाल्या आणि कंटाळून एका खाजगी दवाखान्यात पुन्हा लागल्या.

गेल्या वर्षी फोन संक्रांतीला आला नाही. आला तो उन्हाळ्यात, सकाळी. मी चहा घेत होते.

"ताई, धनूला लेक झाली. माझ्या हातानं सगळं केलं म्या. पाणी, शेक, डिंकाचं लाडू, समदं."

"वा! पहिलंच ना?"

"पयलंच. उशिरा केलं तिनं. तिला घाई न्हवती, मलाच हुती." मग थोडं थांबून, "ताई, धा वर्सं झाली."

मला लगेच कळलं कशाला.

"सात झाली तवा लई भ्याले म्या. आठवं साल तर जेवन जाईना. रोज सकाळी उठलं की म्हणायची, आता कुणाची खातीय मी? तुमची खातीय का काय? तीनाची चार तर झाली न्हाईत? संक्रांतीला तुमास्नी फोन लावायला जीव धजायचा न्हाई. तुमी न्हाई उचलला तर?"

"मी नेहमी उचललाच की."

"त्येच. मग नववं गेलं. आता धा. म्हंजे सगळी माझीच हुती की वो. तुमची लागलीच न्हाईत." त्यांनी मोठा श्वास सोडला. "मग म्हटलं उसनं ठिवायचं न्हाई. तुमची तीन परत घ्या."

शिकलेल्या बाईनं यावर काय म्हणावं? तीस वर्षांच्या सवयीनं तोंडावर आलं होतं: अहो, ते नुसतं समजायचं होतं.

"घेतली," मी म्हटलं.

"आसं नुसतं न्हाई. ती मण्यांची पाटी हाय का अजून?"

होती. कपाटात, खालच्या खणात, जुन्या अहवालांखाली. मी उठले. गुडघा शेवटी बदललाच नव्हता, त्यामुळे खाली बसायला वेळ लागला. छबूताईंनंतर मी ती पाटी किती बायकांपुढे ठेवली असेल, वरची ओळ किती वेळा इकडून तिकडे गेली असेल. खालच्या ओळीला मात्र कधी हात लावला नव्हता. का, ते स्वतःलाही विचारलं नव्हतं. तिथे तीन मणी उजवीकडे होते. लाल रंग जरा उडाला होता.

"सापडली?"

"सापडली."

"मग सरकवा."

मी तिन्ही मणी एकदम डावीकडे नेले.

"सरकवले."

पलीकडे मागे बाळ कुरकुरत होतं, आणि कुणीतरी, बहुधा धनू, आई आता पुरे की म्हणत होती.

"आवाज आला न्हाई," छबूताई म्हणाल्या.

मग मी तिन्ही मणी पुन्हा उजवीकडे घेतले, फोन पाटीला टेकवून धरला आणि एकेक करून परत आणले. टक्. टक्. टक्.